बारक्याच्या गाडीचा आवाज

बारक्याला बारक्या म्हणावं असं त्याच्यात आता काहीही उरलेलं नाही. चाळिशी केव्हाच उलटली, पोट पट्ट्याला दाद देईना आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्याच घरात शिरताना त्याला खांदा तिरका करावा लागतो. जन्मला तेव्हा मात्र तो इतका लहान होता की डॉक्टरांनीही फारशी आशा दाखवली नव्हती. वडील त्याला बारक्या म्हणू लागले आणि ते नाव चिकटलं. पुढे देह वाढत गेला, नाव वाढायचं राहून गेलं. शेजारीपाजारी हसतात, तोही हसतो. सगळं हसण्यावारी न्यायची त्याला सवयच आहे, आणि पुढे जे झालं त्यात त्या सवयीचाही थोडा हात आहे.

मोटारसायकलींना नवे सायलेन्सर बसवणं हे त्याचं काम. दुकान शेठचं, हात बारक्याचे. कंपनीतून गाडी येते तेव्हा तिच्या सायलेन्सरमध्ये जाळ्या, पट्ट्या आणि आडव्या भिंती घालून तिला गप्प बसवलेलं असतं. काही लोकांना ते सोसत नाही. नवी कोरी गाडी घेऊन ते थेट दुकानात येतात आणि म्हणतात, हिचं तोंड उघडा. मग जुना सायलेन्सर उतरतो आणि त्या जागी चकचकीत, आतून मोकळा असा नवा चढतो. बाजारात हे काम करणारे पुष्कळ आहेत, पण बहुतेक जण नळी बदलतात आणि हात झटकतात. मग होतं काय, की धूर मोकळा सुटायला लागला की इंजिन जास्त हवा ओढतं, पेट्रोल मात्र पहिल्याच मापाने येत राहतं. गाडी अर्धपोटी धावते, तापते आणि वेग वाढवायची मूठ सोडली की मागून फाडफाड फुटते. त्यावर उपाय म्हणजे ट्यूनर. साबणाच्या वडीएवढी काळी डबी. ती सीटखाली बसते, गाडीच्या कॉम्प्युटरकडून निघालेला हुकूम मधल्या मध्ये अडवते आणि पेट्रोलचं माप वाढवून पुढे सोडते. बारक्या ट्यूनरशिवाय सायलेन्सरला हात लावत नाही. नुसताच आवाज मोठा हवा असेल तर भोंगा लावून घ्या, असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो आणि शेठ कपाळाला हात लावतात.

हा हेका त्याला बाबांकडून मिळाला, आणि कानही त्यांच्याकडूनच. बाबांचं गॅरेज म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची शेड आणि तेलाने काळी पडलेली जमीन. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून घ्यायचे, ही त्यांची तपासणी. आत काय वाजतंय, कुठे वाजतंय, कधीपासून वाजत असणार, सगळं ते ऐकून सांगत. गाडीचा मालक मध्येच बोलायला लागला तर म्हणत, तुम्ही थांबा, तिला बोलू द्या. बारक्याला त्यांनी पाना फार उशिरा दिला, आधी नुसतं ऐकायला बसवलं.

त्याच बाबांचं डोकं आता रिकामं होत चाललं होतं. आधी किल्ल्या हरवल्या, मग घराचा रस्ता, मग माणसं. शेड विकून टाकावी लागली, तेही ते विसरले, एका परीने बरंच झालं. सून त्यांच्या लेखी कुणीतरी बाई होती. बाई भल्या आहेत, वेळेवर जेवायला घालतात, असं ते तिच्यादेखतच तिचं कौतुक करत. बारक्या सकाळी समोर आला तर त्याला नमस्कार करून विचारत, साहेब, आपलं काम काय होतं? एकदा तर सुनेला म्हणाले, ते जाड गृहस्थ रोज सकाळी आपल्या न्हाणीघरात कसे असतात? त्यावर ती दोघं नवराबायको पोट धरून हसली होती. दुसरं करणार काय?

पण संध्याकाळ वेगळी असे. खिडकीजवळच्या खुर्चीत बाबा दुपारभर मान टाकून बसलेले असत. कोपऱ्यावरच्या लाँड्रीपाशी बारक्याची गाडी वळली की त्यांची मान वर यायची. डोळ्यांत माणूस यायचा. "बारक्या आला," असं ते म्हणत, अगदी रोजच्या आवाजात, आणि सून शिवणयंत्र थांबवून चहाचं आधण ठेवी. मग बारक्या खांदा तिरका करून आत येई आणि खरोखरच बारक्या असे.

हे चाले चहा संपेपर्यंत. तेवढ्या वेळात बापलेक एकमेकांना काय सांगत, तर काही नाही. चेनला तेल दिलंस का? दिलं. मागचं चाक बघ जरा, घासतंय. बघतो. आणि रोजच्या रोज, न चुकता, "आतली पट्टी सुटलीय तुझ्या सायलेन्सरची. ऐकू येत नाही का?" बारक्याला ऐकू येत होतं. डब्यात बिस्किटाचा तुकडा हलवावा तसा तो आवाज गाडी हळू झाली की यायचा, आणि वर्षानुवर्षं यायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या करून आपल्या गाडीला हात लावायचं माणसाच्या जिवावर येतं. उद्या बघतो बाबा, असं तो म्हणे. बाबा कप खाली ठेवत, ओठ पुसत, आणि मान वर करत तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून ओळख गेलेली असे. "बराच वेळ झाला," ते अदबीने म्हणत, "तुम्हालाही घरी जायचं असेल."

तर रोजचा हा एक कप चहा, एवढाच बाप त्याच्या वाट्याला उरला होता. तो त्याला पुरतही होता. उलट मनातल्या मनात त्याला थोडा गर्वच होता. दुकानात बोलणं निघालं की म्हणे, सगळ्यांना विसरले, मला विसरत नाहीत. शेवटी पोटचं पोर ते पोटचं पोर. बाबांना आपला चेहरा आठवतो अशी त्याची पक्की समजूत होती. सकाळी हाच चेहरा त्यांना का आठवत नाही, हा प्रश्न त्याला पडला नाही. माणूस आपल्या चेहऱ्याला फार किंमत देतो.

शेठना बारक्याच्या गाडीची लाज वाटे. दुकानापुढे ती उभी असली की गिऱ्हाईक विचारी, ही खटारा कुणाची? आमच्या मिस्त्रीची, असं सांगताना शेठचं तोंड आंबट होई. दुसऱ्यांना ट्यूनरवर प्रवचनं देणाऱ्या माणसाची स्वतःची गाडी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते, हे काही दुकानाला शोभणारं नव्हतं. शेवटी एक दिवस त्यांनी काचेच्या कपाटातला सेट काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. नळीला एक ओरखडा होता म्हणून गिऱ्हाइकाने नाकारलेला, सोबत ट्यूनरची डबी. लावून टाक तुझ्या गाडीला, म्हणाले, आणि लोकांना ऐकव. बारक्याने आढेवेढे घेतले, पण हात आधीच खोक्यात गेले होते.

त्या दुपारी दुकानात काम नव्हतं. सुरू करण्याआधी शेठनी रिवाजाप्रमाणे मोबाइलवर चित्रीकरण केलं. प्रत्येक गाडीचं ते करतात: गाडी स्टँडवर उभी, सायलेन्सरपाशी मोबाइल, आधी मंद चालू द्यायची, मग दोन-तीनदा मूठ पिळायची, बस्स. काम झाल्यावर पुन्हा तेच. मग आधीचा आणि नंतरचा आवाज एकापुढे एक जोडून लोकांना ऐकवायचा. बारक्याच्या गाडीचा आधीचा आवाज ऐकून शेठ हसून हसून बेजार झाले.

मग बारक्या बसला. इतरांसाठी हजारदा केलेलं काम तो पहिल्यांदा स्वतःसाठी करत होता आणि ते त्याच्या हातांना कळत होतं. इंजिनाला लागलेल्या नटांवर गंज इतका चढला होता की पाना बसेना. त्याने तेल फवारलं आणि जोर करायचा मोह आवरून चहा पिऊन आला. घाई केली की बोल्ट तुटून इंजिनात राहतो आणि मग रडायची पाळी येते. नट सुटले, जुनी नळी हलवून हलवून निघाली, सांध्यात दाबून बसलेली जुनी चकती, गास्केट, त्याने टोच्याने खरवडून काढलं आणि नवं घातलं. धुराचा वास घेणारा सेन्सर अलगद सोडवून नव्या नळीत फिरवला. नवी नळी त्याने आधी सगळीकडे सैल लावली, गाडीभोवती फिरून ती कुठे टेकत नाही ना ते पाहिलं, आणि मगच इंजिनापासून मागे असे एकेक नट आवळत गेला. ट्यूनरच्या वायरी सीटखालून अशा नेल्या की कुठे चिमटणार नाहीत. शेवटी स्पिरिटच्या फडक्याने त्याने सगळी नळी पुसली. हे फार थोडे लोक करतात. नव्या नळीवर बोटांचे ठसे राहिले आणि तसंच इंजिन चालू केलं, तर ते ठसे भाजून पक्के होतात, पुन्हा जन्मात निघत नाहीत. बारक्याने ठसा म्हणून एक ठेवला नाही.

लॅपटॉप जोडून त्याने पेट्रोलचं माप जुळवलं, गाडी चालू केली आणि मूठ पिळली. खोल, घोटीव, भरल्या पोटाचा आवाज. ना खडखड, ना फाडफाड. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. बारक्या स्वतःच्याच गाडीकडे बघत राहिला, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तो फार सुखात होता. जुना सायलेन्सर त्याने पायाने सरकवून कोपऱ्यातल्या ढिगावर टाकला.

घरी जाताना त्याने मुद्दाम लांबचा रस्ता धरला. लोक वळून बघत होते. पोट आत ओढून बसला होता बिचारा. लाँड्रीपाशी वळला, गाडी लावली, जिना चढला आणि खांदा तिरका करून आत आला. बाबा खिडकीजवळ मान टाकून बसले होते. त्याच्या पावलांनी त्यांनी वर पाहिलं आणि हात जोडले. "या. कुणाकडे आलात?"

एखादा दिवस वाईट असतो, असं त्याने मनाला सांगितलं. बायको यंत्रावर पडद्याची शिवण घालत होती; ती उठली आणि तिने आधण ठेवलं. चहा आला. बाबांनी परक्या माणसाबरोबर प्यावा तसा तो घेतला, बशीत सांडू न देता. मधूनमधून ते खिडकीबाहेर बघत होते. "आमचा मुलगा येईल आता," ते म्हणाले. "तो आला की तुमची ओळख करून देतो."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशीही तेच. आणि एक नवीनच गोष्ट सुरू झाली. आधी बाबा संध्याकाळी शांत असत, कारण वाट बघायची आणि माणूस यायचं, असा हिशेब रोज पुरा होई. आता माणूस येतच नव्हतं. ते खुर्चीत बसून राहत, जेवायला उठत नसत. बारक्याला येऊ दे, मग जेवतो. भरवायला गेलं तर तोंड मिटून घेत. एके संध्याकाळी बारक्या त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला, त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "बाबा, मीच बारक्या."

बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग हसले. अगदी मनापासून, जुन्या दिवसांसारखे. "तुम्ही? अहो, तो एवढासा आहे." त्यांनी एक हात सोडवून घेतला आणि उंची दाखवली. बारक्याही हसला. सवय असते ना माणसाला. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बराच वेळ उभा राहिला.

डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार पायरी-पायरीने उतरतो. एखादी पायरी एकदम उतरल्यासारखी वाटते, मनाची तयारी ठेवा. बारक्याने मान डोलावली. औषध बदलून झालं. बाबांचं जेवण निम्म्यावर आलं, मनगटं काटकुळी दिसायला लागली. घरात कुणी मोठ्याने बोलेना. मनाची तयारी ठेवणं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सांगितलं ते बायकोने, तेही सहज. एका रविवारी ती पडद्याला हूक लावत बसली होती आणि तो जमिनीवर आडवा झाला होता. बाबा आत झोपले होते. ती म्हणाली, "गाडी बदललीत ना तुम्ही, तेव्हापासून झालं हे."

"गाडी कुठे बदलली? सायलेन्सर बदलला."

"तेच ते. त्यांना गाडी ऐकू यायची, मग तुम्ही यायचात. आता गाडी येतच नाही, तर तुम्ही कुठून येणार?" तिने दोरा दातांनी तोडला. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. तुम्ही आवाजातले. मी म्हटलं, दुकानाचं काम असेल, मी कशाला मध्ये बोलू?"

बारक्या उठून बसला. बाबांना त्याचा चेहरा कधीच आठवत नव्हता. त्यांना आठवत होती ती सुटलेली पट्टी. तो वळणावरचा खडखडाट जिना चढून वर यायचा, आणि त्याच्या मागून जो कुणी दारातून आत शिरे तो त्यांचा मुलगा असे. आवाज ऐकून दुखणं ओळखायचं हे ज्याने हयातभर केलं, त्याला हे सुचू नये? आपली सगळी अक्कल दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी होती, असं त्याला वाटलं आणि स्वतःची चीड आली.

दुसऱ्या दिवशी तो शेठच्याही आधी दुकानात पोचला आणि कोपऱ्यातला ढीग उपसायला लागला. अर्धा ढीग उपसल्यावर त्याचे हात आपोआप थांबले. कंपनीच्या सायलेन्सरच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी एक जाळी असते, धूर स्वच्छ करणारी. तिच्यावर मौल्यवान धातूचा लेप असतो आणि ती विकत घेणारा माणूस ठरलेला असतो. म्हणून जी गिऱ्हाइकं जुना सायलेन्सर परत नेत नाहीत त्यांचे सायलेन्सर दर शनिवारी कटरने उभे चिरायचे, जाळी काढून घ्यायची आणि पत्रा भंगारात द्यायचा, हा दुकानाचा रिवाज. चिरायचं काम बारक्याचं. आणि त्याला स्वच्छ आठवलं: नवा सेट लावला त्याच आठवड्याच्या शनिवारी इतरांच्याबरोबर त्याने आपलाही चिरला होता. बाजूचा पोचा बघून त्याने तो ओळखलाही होता. चिरताच आतून ती पट्टी टणकन जमिनीवर पडली होती. इतक्या दिवसांची कटकट गेली, असं म्हणून त्याने ती पत्र्याच्या पिंपात भिरकावली होती.

भंगारवाल्याकडे तो गेला. तिथला माणूस त्याच्याकडे बघतच राहिला. पिंप केव्हाच वितळायला गेलं होतं.

मग त्याने ढिगातलाच, आपल्याच गाडीच्या जातीचा दुसरा एक सायलेन्सर उचलला. नवा सेट उतरवला. ट्यूनरही काढला, कारण तोंड पुन्हा बंद केल्यावर ते जास्तीचं पेट्रोल गाडीला झेपलं नसतं. शेठ तणतणले, लोक तुझी गाडी ऐकायला येत होते, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? बारक्या नट आवळत राहिला. संध्याकाळी तो लाँड्रीपाशी वळला. वर गेला. बायको दारातच उभी होती. तिने नाही म्हणून मान हलवली. बाबांनी आवाज ऐकला होता, कान टवकारले होते, आणि म्हणाले होते, "आपल्यासारखी आहे. आपली नाही."

कान अजून शाबूत होता. सगळं विझलं होतं आणि नेमकं तेवढंच चालू होतं, हे बारक्याला सोसवेना. त्याने त्या सायलेन्सरचं झाकण कापलं, आतल्या पट्टीचा वेल्डिंगचा एक टाका तोडला, झाकण पुन्हा जोडलं. खडखड वाजू लागली. त्याला वाटलं, जमलं. त्या दिवशी बाबा खुर्चीतून अर्धे उठले. बराच वेळ त्यांनी ऐकलं. मग बसले. "हिचीही पट्टी सुटलीय," ते सुनेला म्हणाले. "कुणाची आहे ही? बारक्याला सांगितलं पाहिजे." आणि पुन्हा बारक्याची वाट बघायला लागले. बारक्या हे दाराबाहेर उभा राहून ऐकत होता. तो आत गेलाच नाही, जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. येणाऱ्याजाणाऱ्यांना अंग चोरून त्याच्या बाजूने जावं लागत होतं.

मोबाइलची आठवण बायकोला झाली. तुम्ही लोक आधीचा आणि नंतरचा आवाज भरून ठेवता ना, तिने विचारलं. बारक्या धावतच शेठकडे गेला. शेठ रागात होते, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी शोधून काढला आणि त्याला पाठवला. बारक्याने दुकानामागे जाऊन एकट्याने तो ऐकला. तीच गाडी. तीच पट्टी. आपल्याच गाडीचा आवाज ऐकून त्याला हुंदका आला, आणि नंतर इतका आनंद झाला की त्याने शेठचे दोन्ही हात हातात धरले.

नवराबायकोने सगळं ठरवलं. बारक्याने कोपऱ्यावरच इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत खिडकीखाली आणून लावली. आवाज न करता जिना चढला आणि दाराबाहेर उभा राहिला. आत बायकोने बाबांच्या मागे, खिडकीच्या कठड्यावर मोबाइल ठेवला आणि आवाज पूर्ण मोठा करून लावला. आवाज संपला की बारक्याने आत यायचं.

दाराच्या फटीतून बारक्याला बाबा दिसत होते. पहिल्या खडखडाटालाच त्यांची मान वर आली. डोळ्यांत माणूस आला. कित्येक दिवसांनी आला. "बारक्या आला," ते म्हणाले आणि हसले. बायकोने तोंडावर पदर दाबून धरला. बारक्याने दाराच्या कडीवर हात ठेवला.

पण दुकानात चित्रीकरण करायची रीत काय, तर गाडी उभी ठेवायची. हा आवाज लाँड्रीपाशी वळला नाही, जवळ आला नाही. तो एकाच जागी उभा राहिला आणि मग मूठ पिळल्यासारखा दोन-तीनदा ओरडला. बाबांचं हसू कमी झालं. त्यांनी कान दिला. "उभी का केलीय त्याने?" ते म्हणाले. "खाली उभा राहून रेस करतोय. मला बोलावतोय की काय?" ते खुर्चीचे हात धरून उठले आणि खिडकीशी गेले. तेवढ्यात आवाज संपला. असे आवाज मध्येच तुटतात, इंजिन बंद केल्यासारखे थांबत नाहीत. बाबा दचकले.

बारक्या आत आला. ठरलं होतं तसं तो आत आला.

"साहेब, बरं झालं आलात," बाबा घाईघाईने म्हणाले. "आमचा मुलगा खाली आलाय. वर येत नाही. मला वाटतं, रागावलाय माझ्यावर. मी फार बोलतो त्याला. तुम्ही जरा बघता का खाली जाऊन?"

"बाबा," बारक्या म्हणाला.

"जा हो. निघून जाईल तो."

बारक्याने बायकोकडे पाहिलं. ती मोबाइल छातीशी धरून उभी होती. मग तो वळला आणि जिना उतरला. एकेक पायरी उतरताना त्याला वाटत होतं की खाली खरंच कुणीतरी असेल.

खाली गाडी होती. त्याने वर पाहिलं. बाबा खिडकीतून इतके वाकले होते की मागून सुनेने त्यांना धरलं होतं. उन्हं उतरत होती आणि त्यांचा चेहरा त्याला स्वच्छ दिसत होता.

"गाडी तर इथेच आहे," बाबा वरून म्हणाले. "तो दिसतोय का कुठे?"

"दिसतोय," बारक्या म्हणाला.

"त्याला सांगा, मी काही बोलणार नाही. एक शब्द बोलणार नाही. वर ये म्हणावं."

"सांगतो."

आणि तो तिथेच उभा राहिला. जिना समोर होता, दार उघडं होतं, बाप वाट बघत होता, आणि वर जाण्याचा एकही रस्ता त्याच्याजवळ नव्हता. त्याने गाडीच्या सीटवर दोन्ही हात टेकले, मान खाली घातली आणि भररस्त्यात, लाँड्रीतली माणसं बघत असताना, मोठ्याने रडायला लागला.

"अहो साहेब," वरून बाबांची हाक आली. आवाजात माया होती. "असं काय करता? येईल हो तो. त्याचा राग टिकत नाही."